वारशाचे शेअर आणि त्यांची खरेदी किंमत

शेअरचा आजचा भाव सांगणे आता कठीण राहिलेले नाही. मलकापूरच्या बाजारात पोत्याला टेकून बसलेला तरुणही खिशातील मोबाईल काढून तो क्षणात सांगतो. परंतु तोच शेअर कितीला घरात आला, असे विचारले की बहुतेक घरांत शांतता पसरते. आयकर मात्र विक्रीच्या संपूर्ण रकमेवर नसून विक्री आणि खरेदी यांतील फरकावर द्यावा लागतो. कायद्याच्या भाषेत या खरेदी किमतीला संपादन मूल्य म्हणतात. ते एकदा लिहून ठेवले की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते चोपड्यातील खात्याप्रमाणे चालते राहते. बोनस आला, शेअरचे विभाजन झाले, कंपनीचे दोन भाग झाले, मालक बदलला किंवा मालकाचा देश बदलला की त्यात फरक पडतो.

हा विषय रुक्ष आहे, हे मान्य करूनही तो या स्तंभात घ्यावासा वाटतो. कारण घरातील वाटणीत सर्वांत जास्त कटुता बहुधा याच अज्ञानातून येते. भावाने बहिणीला फसवलेले नसते, बहिणीने भावावर अविश्वास दाखवलेला नसतो. तरीही दोन वर्षांनी कोणाच्या तरी हाती अडीच-तीन लाख रुपये कमी पडलेले असतात आणि मग जुनी वाक्ये आठवू लागतात.

उदाहरणासाठी मलकापूरचे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. कुटुंब कल्पित आहे आणि त्याचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत. नियम व कंपनीचा इतिहास मात्र खरा आहे. आजोबा कापसाचे अडते. त्यांची सासुरवाडी अमळनेरची. खानदेश आणि वऱ्हाड यांत समाजाच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असल्यामुळे यात नवल काही नाही. त्या अमळनेरात मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी नोंदवली. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची त्या काळची ओळख. हीच कंपनी पुढे विप्रो झाली. सासऱ्यांच्या आग्रहाखातर आजोबांनी तिचे थोडे शेअर घेतले आणि पेटीत ठेवून दिले. ते किती रुपयांना घेतले याची नोंद घरात कोठेही नाही. मूळ शेअर, अधूनमधून आलेले बोनस आणि आधीचे विभाजन धरून १९९९ च्या आरंभी दहा रुपये दर्शनी किमतीचे ६० शेअर त्या पेटीत होते, असे समजू.

आता पुढील हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करावा. १९९९ मध्ये विप्रोने दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर केले. ६० चे ३०० झाले. २००४ मध्ये एका शेअरला दोन बोनस. ३०० चे ९००. २००५ मध्ये एकास एक, १,८००. २०१० मध्ये तिनास दोन, ३,०००. २०१७ मध्ये पुन्हा एकास एक; ६,०००. २०१९ मध्ये तिनास एक, ८,०००. डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक, १६,०००. साठ शेअरांचे सोळा हजार झाले आणि या संपूर्ण काळात घरातून एक रुपयाही बाहेर गेला नाही.

(२०१३ मध्ये विप्रोने साबण, दिवे इत्यादी व्यवसाय विप्रो एन्टरप्रायझेस या वेगळ्या कंपनीकडे सोपवला. त्या विभागणीतून आलेल्या शेअरांचा हिशेब येथे बाजूला ठेवला आहे. कंपनी अशी विभागली जाते तेव्हा जुन्या शेअरचे संपादन मूल्यच दोन शेअरांत वाटले जाते आणि त्याचे प्रमाण कंपनी जाहीर करते. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा जुन्या शंभर रुपयांपैकी ९५.३२ रुपये रिलायन्सकडे राहिले आणि ४.६८ रुपये जिओ फायनान्शियलकडे गेले. ज्यांच्याकडे ते पत्र असेल त्यांनी ते फाडू नये.)

सोळा हजार शेअरांचे संपादन मूल्य किती, या प्रश्नाला ‘जवळजवळ शून्य’ असे सरळ उत्तर येईल असे वाटते. ते चुकीचे आहे, आणि ‘काहीच कर लागत नाही’ हे घरातील उत्तरही तितकेच चुकीचे आहे. या दुसऱ्या समजुतीचे मूळ शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १ ऑक्टोबर २००४ पासून ३१ मार्च २०१८ पर्यंत, वर्षाहून अधिक काळ बाळगलेला शेअर रोखे व्यवहार कर भरून शेअर बाजारात विकला, तर होणाऱ्या नफ्यावर आयकर नव्हता. साडेतेरा वर्षांची ही सवलत लोकांच्या इतकी अंगवळणी पडली की खरेदीची कागदपत्रे जपण्याची जुनी सवयच मोडली. कर नाही, तर खरेदी किंमत कशाला लिहायची! २०१८ च्या अर्थसंकल्पाने कर परत आणला. मात्र जुन्या नफ्यावर तो अचानक बसू नये म्हणून एक रेषा आखली. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत हाती असलेल्या शेअरसाठी त्या दिवशीचा बाजारातील सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांपैकी जो कमी असेल तो घ्यावा, त्याची प्रत्यक्ष खरेदी किमतीशी तुलना करावी आणि त्या दोहोंत जो आकडा मोठा तो संपादन मूल्य मानावा, असा हा नियम आहे.

सोळा हजारांपैकी ६,००० शेअर त्या तारखेला हाती होते. हिशेबासाठी त्या दिवशीचा भाव ३०० रुपये आणि आजचा विक्रीभाव २५० रुपये धरू. (प्रत्यक्ष विवरणपत्र भरताना शेअर बाजाराच्या नोंदीतील नेमका भाव घ्यावा.) ३०० आणि २५० यांतील कमी आकडा २५०. आजोबांची खरेदी त्याहून कितीतरी कमी. म्हणून या ६,००० शेअरांचे संपादन मूल्य प्रत्येकी २५० रुपये. नफा शून्य, कर शून्य. आजोबांची मूळ पावती हरवली असली तरी येथे काही बिघडत नाही, हा त्यातील दिलासा.

उरलेल्या दहा हजारांची गोष्ट निराळी. २०१९ चे २,००० आणि २०२४ चे ८,००० शेअर त्या रेषेनंतर आले. बोनसचे संपादन मूल्य शून्य. तेव्हा या दहा हजारांची सर्वच्या सर्व विक्री, म्हणजे २५ लाख रुपये, हा नफा ठरतो. शेअर एकाच कंपनीचे, एकाच डीमॅट खात्यात, बाजारात एकाच भावाचे. तरी त्यांतील सहा हजार करमुक्त आणि दहा हजार पूर्ण करपात्र. डीमॅट खात्याच्या विवरणात हा भेद कोठेही छापलेला नसतो.

मलकापूरच्या घरात गोंधळ येथेच झाला. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आजोबांचे शेअर स्वतःच्या नावावर करून २००३ मध्येच डीमॅट केले होते. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या आजारपणासाठी पैसे लागले तेव्हा ६,००० शेअर विकले गेले. डीमॅट खात्यातील विक्रीत जे आधी आले ते आधी गेले, असा नियम आहे. म्हणून गेले ते नेमके जुने सहा हजार. १५ लाख रुपये आले, कर काही लागला नाही. ‘विप्रोवर कर नसतो’ हे वाक्य घरात तेव्हापासून रूढ झाले. चातुर्मासात आप्पा गेले. मागे आई, मलकापुरात दुकान पाहणारा थोरला मुलगा, चिखलीस दिलेली मुलगी आणि न्यू जर्सीतील धाकटा. मृत्युपत्र नव्हते.

जैन कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. त्यानुसार आई आणि तिन्ही अपत्ये यांचा वाटा समान. हे सांगण्याची वेळ अजूनही येते, ही खेदाची बाब आहे. मुलीच्या लग्नात खर्च झाला म्हणून तिचा हक्क संपतो, असे मानणारी घरे आपल्यातही आहेत. या घरात तसे नव्हते. आईने घर स्वतःकडे ठेवावे, दुकान थोरल्याने चालवावे आणि उरलेल्या ५० लाखांत थोरला व ताई यांनी निम्मे-निम्मे घ्यावे, असे ठरले. धाकट्याने फोनवर सांगितले, “दादा, मला काही नको. ताईचं मात्र नीट करा.” ५० लाखांपैकी २५ लाख बँकेतील मुदत ठेव होती आणि २५ लाख म्हणजे हे दहा हजार शेअर. थोरल्याने ठेव घ्यावी, ताईने शेअर घ्यावेत; पंचवीसला पंचवीस. थोरल्याला तर आपण बहिणीला वाढणारी वस्तू दिली, असे मनापासून वाटत होते.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चिखलीतील ज्या सी.ए.कडे तिचे विवरणपत्र भरले जाते, त्यांनी खात्यातील नोंदींच्या तारखा पाहिल्या आणि कागदावर चार ओळी मांडल्या. वारशाने आलेल्या शेअरला वारसाची स्वतःची खरेदी किंमत नसते. ज्याने शेवटी पैसे मोजून घेतले त्याचीच किंमत पुढे चालत येते. आप्पांकडे जे शून्य होते ते ताईकडेही शून्यच. पंचवीस लाखांना विकले तर नफा पंचवीस लाख. त्यातून वर्षाची सव्वा लाखाची सूट वजा जाता २३ लाख ७५ हजार. २३ जुलै २०२४ पासूनच्या साडेबारा टक्के दराने कर २ लाख ९६ हजार ८७५. चार टक्के उपकरासह ३ लाख ८ हजार ७५० रुपये. ताईच्या हाती उरतात २१ लाख ९१ हजार २५०, थोरल्याच्या हाती पूर्ण पंचवीस. ठेवीवरील पुढच्या व्याजावर कर लागेल, परंतु मुद्दल मोडताना लागत नाही.

“आप्पांनी विकले तेव्हा एक पैसा लागला नाही, मग आता कसा लागेल?” हा थोरल्याचा प्रश्न रागाचा नव्हता, खरोखर न समजल्याचा होता. त्याचे उत्तर वर आलेच आहे. ताई दरवर्षी सव्वा लाखाच्या सुटीपुरतेच, म्हणजे ५०० शेअर विकत गेली तर कर लागणार नाही. परंतु दहा हजार संपायला वीस वर्षे लागतील. तिच्या मुलीचे वैद्यकीय शिक्षण वीस वर्षे थांबणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शून्य संपादन मूल्याचा हाच शेअर निरनिराळ्या हातांत निरनिराळ्या मोलाचा ठरतो. आईला स्वतःचे काहीही उत्पन्न नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे अन्य उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर ती उरलेली मर्यादा या नफ्यापोटी वापरता येते. २०२५-२६ या वर्षी नव्या करप्रणालीत ती मर्यादा चार लाख आहे. चार लाख आणि वरची सव्वा लाखाची सूट मिळून सव्वापाच लाखांचा नफा, म्हणजे २५० च्या भावाने २,१०० शेअर, आई वर्षाला कराविना विकू शकते. पाच आर्थिक वर्षांत दहा हजार संपतात. बारा लाखांपर्यंत कर नाही, ही जी गोष्ट सर्वत्र ऐकू येते ती मात्र येथे उपयोगी पडत नाही. ती सवलत शेअरच्या या नफ्याला मिळत नाही.

धाकट्याने वाटा सोडला, तो त्याच्या मनाचा मोठेपणा. पण त्याने हे शेअर घेतले असते तर काय झाले असते, तेही पाहू. कारण प्रत्येक तालुक्यात आता परदेशातील एखादा मुलगा असतोच. भारतात न राहणाऱ्याला ही चार लाखांची मर्यादा वापरता येत नाही, आणि विक्री होतानाच त्याचा कर कापला जातो. दुसरीकडे अमेरिकेचा नियम आपल्या नेमका उलट. तेथे वारशाने आलेल्या मालमत्तेचे संपादन मूल्य म्हणजे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव. आप्पा गेले त्या दिवशी भाव २५० असेल आणि धाकट्याने २५० लाच विकले, तर अमेरिकेच्या हिशेबाने नफा शून्य, भारताच्या हिशेबाने पंचवीस लाख. भारतात भरलेला कर अमेरिकेतील करातून वजा मिळतो खरा, पण तेथे या नफ्यावर करच नसल्यावर वजा कशातून करणार? आप्पांनी हयातीत भेट म्हणून दिले असते, तर मात्र अमेरिकेतही आप्पांचीच जुनी किंमत पुढे चालली असती. एकाच शेअरची एकाच दिवशी दोन देशांत दोन संपादन मूल्ये असू शकतात, हे बापलेकांनी एकत्र बसून समजून घ्यावे.

या निमित्ताने धाकट्याचा स्वतःचा प्रश्न पुढे आला. न्यू जर्सीत त्याची संगणक सेवेची छोटी कंपनी आहे आणि ती ‘एस कॉर्पोरेशन’ या प्रकारात मोडते. अमेरिकी आयकर कायद्यात १९५८ साली घातलेल्या ‘एस’ या उपप्रकरणावरून हे नाव पडले. अशी कंपनी संघराज्याचा आयकर सहसा स्वतः भरत नाही. तिचा नफा-तोटा थेट भागधारकाच्या विवरणपत्रात जातो. या कंपनीच्या शेअरचे संपादन मूल्य दरवर्षी बदलते. अमेरिकेतील वकील त्यावर जाड पुस्तके लिहितात. पण खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमधील ज्या कोणी भागीदारीचे भांडवल खाते लिहिले आहे, त्याला ते पाच मिनिटांत कळावे. आपल्याकडे भागीदारी पेढी स्वतः कर भरते आणि भागीदाराच्या वाट्याचा नफा त्याच्या हाती करमुक्त असतो. तेथे याच्या उलट. परंतु खात्याची मांडणी तीच. दिवाळीला नव्या चोपड्यात जुने भांडवल ओढायचे, नफ्याचा हिस्सा जमा करायचा, उचल नावे टाकायची, तोटा नावे टाकायचा.

धाकट्याने कंपनीत ५०,००० डॉलर घातले. पहिल्या वर्षी नफा ३०,०००. तो पैसा कंपनीत राहो वा न राहो, त्यावर धाकट्याने कर भरायचा. आणि कर भरला म्हणूनच ते ३०,००० संपादन मूल्यात मिळवायचे. न मिळवले तर कंपनी विकताना त्याच पैशावर पुन्हा कर बसेल. त्याने २०,००० उचलले, शिल्लक ६०,०००. दुसऱ्या वर्षी तोटा ७०,०००. हा तोटा त्याच्या अन्य उत्पन्नातून वजा करता येतो, पण शिल्लक असेल तेवढाच. ६०,००० वजा झाले, खाते शून्यावर आले, उरलेले १०,००० लोंबकळत राहिले. आपल्या भागीदाराचे खाते नावे शिल्लक दाखवू शकते. हे खाते शून्याखाली जात नाही, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या वर्षी नफा २५,०००. आता क्रम महत्त्वाचा: आधी नफा मिळवायचा, मग उचल वजा करायची, तोट्याची पाळी सर्वांत शेवटी. १५,००० उचलले असतील तर १०,००० उरतात आणि त्यातून लोंबकळलेला तोटा नेमका भागतो. तेच ३०,००० उचलले असते, तर २५,००० बिनकराचे, वरचे ५,००० भांडवली नफा म्हणून करपात्र, आणि जुना तोटा तसाच पडून. कंपनीला भागधारकाने स्वतःच्या खिशातून दिलेले कर्ज तोट्यासाठी जादा आधार देते. बँकेने कंपनीला दिलेल्या कर्जाला नुसता जामीन राहिल्याने तो आधार मिळत नाही. जामीनकीने मालमत्ता वाढत नाही, उलट झोप कमी होते, हे बँकेच्या दारात उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तोटा वजा करण्यासाठी आणखीही कसोट्या आहेत, त्यांत येथे शिरत नाही. २०२१ च्या करवर्षापासून या खात्यासाठी ७२०३ क्रमांकाचा स्वतंत्र नमुना आहे. तो भरताना धाकट्याच्या लक्षात आले की आधीच्या वर्षांची मांडणी त्याने केलेलीच नव्हती. बँकेची विवरणे उपसून त्याला ती पहिल्यापासून करावी लागली. आजोबांच्या पेटीत पावती नव्हती आणि नातवाच्या संगणकातही नव्हती.

आणखी एक धोका मात्र थोडक्यात टळला होता. आजारपणाआधी धाकट्याच्या मनात आप्पांच्या नावे कंपनीचे दोन टक्के शेअर करावेत, असे होते, कृतज्ञता म्हणून. एस कॉर्पोरेशनला शंभरापेक्षा अधिक भागधारक चालत नाहीत, आणि अमेरिकेचा नागरिक वा तेथील करदृष्ट्या रहिवासी नसलेला एकही भागधारक चालत नाही. आप्पा मलकापूरचे. त्यांच्या नावे एक शेअर जरी गेला असता, तरी त्या दिवसापासून कंपनीचा हा दर्जा संपला असता. मग कंपनीने आपल्या नफ्यावर २१ टक्के कर भरायचा आणि लाभांश वाटला की भागधारकाने पुन्हा भरायचा. धाकट्याने आपल्या मृत्युपत्रात आईचे नाव घालतानाही हा विचार करावा. कंपनीचे शेअर आईकडे आले तरी परिणाम तोच.

मलकापुरात पुढे दोन रविवार बैठक झाली. पहिल्या रविवारी थोरला थोडा दुखावलेला होता. आपल्यावर कोणी संशय घेत आहे, असे त्याला वाटले. ताईने सी.ए.चा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या रविवारी त्याने स्वतःच डीमॅटचे जुने उतारे काढून आणले होते आणि तारखांपुढे पेन्सिलने आकडे मांडले होते.

शेवटी ठरले ते असे. मुदत ठेव थोरला आणि ताई यांत निम्मी-निम्मी. ताईच्या मुलीच्या प्रवेशाला लागणारी रक्कम त्यातून लगेच निघते. दहा हजार शेअर आईच्या नावे. आईने दरवर्षी सुटीच्या मर्यादेत विकावेत आणि येणारी रक्कम दोघांना सारखी द्यावी. आईने मुलांना दिलेल्या भेटीवर कर नाही. शेअरचा भाव चढला किंवा पडला तर दोघांनीही ते सारखेच सोसावे. बाजार पाच वर्षे कसा राहील हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे हा भाग एकट्या ताईच्या माथी मारणे बरोबर नव्हते. खरे तर तीन लाखांच्या करापेक्षा हाच अन्याय मोठा ठरण्याचा संभव होता. पाच वर्षांत आईचे काही बरेवाईट झाले तर उरलेले शेअर दोघांनाच मिळावेत, म्हणून आईचे मृत्युपत्र त्याच आठवड्यात करायचे ठरले. धाकट्याची लेखी संमती मागवली.

कौटुंबिक लेखाच्या शेवटी एक तक्ता जोडला आहे: शेअर केव्हा आले, किती आले, प्रत्येकाचे संपादन मूल्य किती. २०१९ चे २,०००, शून्य. २०२४ चे ८,०००, शून्य. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेत आहे. कलमांचे क्रमांक बदलतील, तक्त्यातील तारखा बदलणार नाहीत. त्यांतील पहिले २,१०० शेअर ३१ मार्चपूर्वी विकायचे आहेत. आईचे डीमॅट खाते त्यासाठी उघडले आहे आणि वारसनोंदीचे कागद गेल्या सोमवारी रवाना झाले.